सगळ्यांचं पीठ एक

"हे पीठ आमचं नाही."

निमकर काकूंनी स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी नुसती वस्तू ठेवली तरी समोरच्याला आपल्याला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटायचं.

"काकू, डब्यावर तुमचंच नाव आहे. हे बघा, स्टिकर."

"डबा आमचा आहे. पीठ आमचं नाही."

"तुमचा गहू लोकवन होता ना? हे पीठही लोकवनचंच आहे. वजन करून दाखवू?"

"वजनाबद्दल मी बोललेच नाही. चाळीस वर्षं रोज कणीक मळतेय, मुकुंदराव. हाताला कळतं."

सकाळची वेळ, टेबलापाशी आणखी तीन डबे आलेले, आणि ही बाई मला हाताला कळतं म्हणून सांगत होती. माझं टाळकं सरकलं.

"काकू, तुम्ही बँकेत पाचशेची नोट भरता. काढायला गेल्यावर तीच नोट परत मिळते का? पाचशेची दुसरी मिळते. तुम्ही कधी म्हणता का, ही नोट आमची नाही म्हणून?"

काकूंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. मग गिरणीशेजारच्या निळ्या पिंपाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांचं एकत्र दळता?"

"मी असं कुठे म्हणालो?"

"आत्ताच म्हणालात," असं म्हणून काकूंनी डबा उचलला आणि त्या निघून गेल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. धायरी फाट्याच्या आत, आमच्याच सोसायटीच्या मागच्या बोळाच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी होती. त्याआधी चोवीस वर्षं मी संगणकाच्या कंपनीत काढली. काम काय, तर एका परदेशी बँकेचे दिवसभराचे सगळे व्यवहार गोळा करायचे आणि रात्री एकगठ्ठा चालवायचे. कुणाचे पैसे कुठले, याला तिथे अर्थ नव्हता. पैसा पैशासारखा; शेवटी बेरीज जुळली पाहिजे. माझी बेरीज चोवीस वर्षांत कधी चुकली नाही, आणि याचा मला इतका अभिमान होता की मला कुणी घरी पाठवू शकेल हे कधी मनातच आलं नाही.

एका मंगळवारी मला एका छोट्या खोलीत बोलावलं. समोर पाण्याची बाटली होती आणि तिचं झाकण आधीच उघडून ठेवलेलं होतं. तेवढ्यावरून मी समजलो.

पन्नाशीच्या माणसाला कोण नोकरी देतो? मुलाखती घेणारी पोरं माझ्या लेकीच्या, केतकीच्या वयाची. ती मला 'सर' म्हणायची, हसायची आणि पुन्हा फोन करायची नाहीत. विमा विकायला निघालो तर नातेवाईक फोन उचलेनासे झाले. घरबसल्या शिकवण्या सुरू केल्या; तीन विद्यार्थी आले, त्यातला एक माझा पुतण्या. शेअर बाजारात शिरलो आणि होतं त्यातलं अर्धं घालवून बाहेर आलो. मग समजलं की मागच्या बोळातला म्हातारा गिरणीवाला गिरणी विकून गावी चाललाय. मी विचार केला, माणसं संगणक वापरायचं सोडतील, पोळी खायचं नाही सोडणार. उरलेली सगळी पुंजी मी तिथे घातली.

माझा मेहुणा भारत वैरागला असतो, बार्शीच्या पुढे. त्याने फोनवरच निकाल दिला.

"दाजी, गिरणी म्हंजे काय खेळ न्हाई. आंधळं दळतं आन् कुत्रं पीठ खातं, तसं व्हईल बगा."

"भारत, माणसाने मनात आणलं तर कुठलंही काम शिकता येतं."

"शिका की. नाय म्हणलं का मी? नायच जमलं तर दुकानावरची खोली हाय रिकामी. ताईला घिऊन या हिकडं."

त्या खोलीला मी घाबरून होतो. अलकाशी, म्हणजे बायकोशी, माझं ठरलं होतं: गुढीपाडव्यापर्यंत गिरणीतून फ्लॅटचा हप्ता निघू लागला तर ठीक, नाहीतर फ्लॅट विकायचा आणि वैरागला जाऊन राहायचं. मेहुण्याच्या दुकानावर, एका खोलीत. वयाच्या पन्नासाव्या वर्षी, रोज जिन्यावरून उतरताना त्याच्या गिऱ्हाइकांना नमस्कार करत. मी तोंडाने 'ठीक आहे' म्हणालो होतो.

सुरुवातीला धंदा रखडत चालला. दळण म्हणजे वेळखाऊ काम. एकीचा डबा ओता, दळून होईपर्यंत थांबा, दगडातलं पीठ पूर्ण बाहेर येऊ द्या, मग दुसरीचा ओता. बायका ताटकळायच्या आणि मला बोलायच्या. मी दोन आठवडे पाहिलं आणि मला हसूच आलं. अरे, हे तर आपलंच जुनं काम! सगळ्या लोकवनचं एक पिंप, सगळ्या ज्वारीचं एक पिंप. सकाळी डबे गोळा करायचे, वजन करून पिंपात ओतायचे, एकगठ्ठा दळायचं आणि ज्याच्या त्याच्या वजनाइतकं पीठ संध्याकाळी घरपोच. थांबणं नाही, रांग नाही. गिऱ्हाइकांना मी आतलं काही सांगितलं नाही. कंपनीत तरी आतलं काम गिऱ्हाइकाला कोण सांगत होतं?

बायका खूष झाल्या. सोनवणे वहिनींनी मला त्यांच्या भिशीत नावाजलं. दिवाळीत तर भाजणीचं, अनारशाचं इतकं काम आलं की मला जेवायला फुरसत नव्हती. ते तेवढं मी वेगळं दळत होतो, कारण प्रत्येकीचं प्रमाण निराळं. पहिल्यांदा हप्ता गिरणीतून गेला, तेव्हा मी घरी जिलेबी घेऊन गेलो. केतकीला हॉस्टेलवर फोन करून सांगितलं, "तुझा बाप अजून मेलेला नाही." अलकाने जिलेबी खाल्ली, हसली. ती मुळातच कमी बोलते.

आणि आता, संक्रांतीच्या तोंडावर, निमकर काकू.

त्यानंतरच्या आठवड्यात डबे कमी होऊ लागले. आधी निमकर काकूंच्या जिन्यातले बंद झाले, मग समोरच्या इमारतीतले. सोनवणे वहिनींचा डबा घ्यायला गेलो तर त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, सध्या आम्ही तयार आटाच आणतोय." त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिठाचा डबा उघडा होता आणि पीठ ताजं होतं, ते मला वासावरून कळलं. एवढं तरी मी तोवर शिकलो होतो.

मी एक शहाणपणा केला. गिरणीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'प्रत्येकाचं दळण वेगळं दळून मिळेल.' आणि खरोखरच ती दोन्ही पिंपं मागे नेऊन पालथी घातली. परिणाम असा झाला, की ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही समजलं की आजवर वेगळं दळलं जात नव्हतं. आपल्या हाताने आपली दवंडी पिटली मी.

दिवसाला चार डबे, मग दोन, मग एखादा. एका सकाळी एकही आला नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काय काशीद साहेब, बंद का आज?" मला त्या प्रश्नाची इतकी लाज वाटली की मी उठून गिरणी सुरू केली. रिकामी. आवाज तरी जाऊ दे चार इमारतींपर्यंत, लोकांना वाटू दे काम चाललंय. दाणा नसताना गिरणी चालवली की दगडावर दगड घासतो, जळका वास सुटतो. मी नाकाला रुमाल लावून तिथेच बसून राहिलो. आणि घरी जाण्याआधी डब्याच्या तळाचं पीठ केसांना, भुवयांना लावून गेलो.

तसा मी पुढे कितीतरी दिवस गेलो. अलका दार उघडायची, माझ्या डोक्याकडे बघायची आणि म्हणायची, "आंघोळीला पाणी काढलंय."

माझ्या मनात एकच नाव होतं: निमकर. या बाईनेच घरोघरी जाऊन माझं वाटोळं केलं. दिवसभर रिकाम्या गिरणीत बसून मी तिला मनातल्या मनात इतकं बोललो, की शेवटी मनात मावेना. एका दुपारी शटर ओढलं आणि त्यांच्या दाराची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. हाताला कणीक लागलेली.

"काकू, माझं काही चुकलं असेल तर मला बोलायचं. गावभर बोभाटा कशाला केला?"

"कसला बोभाटा?"

"माझ्याकडे दळण टाकू नका म्हणून. अहो, पोटावर पाय दिलात तुम्ही माझ्या! घर विकायची वेळ आलीय. तुम्हाला काय मिळालं यातनं?"

आवाज चढला होता माझा. जिन्यात कुणाचं तरी दार किलकिलं झालं.

"आत या," काकू म्हणाल्या.

"मला यायचं नाही आत."

"मग इथेच ऐका. मी एका शब्दाने कुणाला बोललेले नाही. मला पीठ पटलं नाही, मी गिरणी बदलली. दुसऱ्याच्या धंद्यावर माती टाकायचे संस्कार नाहीत माझ्यावर."

"मग सगळ्या बायका एकदम कशा गेल्या?"

काकूंनी हाताची कणीक खरवडली. त्यांना बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"मुकुंदराव, संक्रांतीच्या खरेदीला गेलेल्या बायकांना गिरणीवाल्याची बायकोच जर दुसऱ्या गिरणीत रांगेला उभी दिसली, तर बाकीच्यांना कुणी काही सांगावं लागत नाही."

"कुणाची बायको?"

"कालव्याकडच्या गिरणीत गुरुवारी दुपारी जाऊन बघा. आणि घरी भांडू नका. ती पोर चांगली आहे."

तो बुधवार होता. त्या दिवशी मी अलकाला काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती 'हो' म्हणाली असती तर? गुरुवारी दुपारी गिरणी बंद करून मी कालव्याच्या रस्त्याने गेलो आणि समोरच्या रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो, चोरासारखा. रांगेत माझीच गिऱ्हाइकं होती. सोनवणे वहिनी होत्या. आणि अगदी पुढे, मशीनपाशी, अलका उभी होती. वरून तिची ज्वारी पडत होती आणि खाली कापडी नळीतून येणाऱ्या पिठात तिने हात धरला होता. चिमूट उचलायची, बोटांत चोळायची, पुन्हा हात धरायची. शेवटचं पीठ पडेपर्यंत तिची नजर हलली नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आमच्या. आपल्या घरात पीठ कुठून येतं हा प्रश्न मला त्या पंचवीस वर्षांत पडला नव्हता. स्वतः गिरणी चालवत असतानाही पडला नव्हता.

ती घरी आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. तिने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून तिला कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून."

"दसऱ्यापासून! आणि मी दिवाळीत जिलेब्या आणत होतो."

"चांगल्या होत्या जिलेब्या."

"अलका, चेष्टा करतेस? तुझ्यामुळे गिरणी बसली. तुझ्यामुळे! बाहेरच्यांना शिव्या देत बसलो मी आणि घरभेदी घरातच निघाली."

हा शब्द मी वापरला. तो परत घेता आला तर आजही घेईन.

ती उभीच होती. पदराने तिने हात पुसले.

"मी तुम्हाला एकदा म्हणाले होते. आपली ज्वारी तेवढी वेगळी दळा."

"कधी?"

"तुम्ही पिंपं आणलीत त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, एकाला अपवाद केला की सगळी घडी मोडते. मग कागद घेऊन बसलात. किती वेळ वाचतो, किती डबे वाढतात, सगळं मांडून दाखवलंत."

मला आठवलं. कागदही आठवला. मी फार छान समजावून सांगितलं होतं तिला.

"ते चुकीचं होतं का?" मी म्हणालो.

"नव्हतं ना. तुमचं गणित कधी चुकत नाही. मग मी काय बोलणार?" ती खाली बसली. "अण्णा गेल्यापासून माहेराहून माझ्यासाठी तेवढंच येतं बघा. वर्षाला एक पोतं. भारत विसरेल एखाद्या वर्षी, मग तेही येणार नाही. त्याची भाकरी मी डोळे मिटून ओळखते. त्यात दहा घरची ज्वारी कालवलेली मला नको होती. एकीची जुनी, एकीची किडकी. पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. तुम्ही खात होतात ती भाकरी, तुम्हाला कळलं का कधी?"

"नाही."

"मला कळत होतं."

पंखा फिरत होता. मग मला एक युक्ती सुचली. मला युक्त्या पटकन सुचतात, तीच माझी खोड.

"झालं ते झालं. उद्या सकाळी डबा घेऊन आपल्या गिरणीवर ये. गर्दीच्या वेळी ये, चार बायका बघतील. मी वेगळं दळून देतो. तू आलीस की बाकीच्या येतील."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाटक करायला मी येणार नाही."

"अगं, फ्लॅट जाईल!"

"जाऊ दे. वैरागला राहू."

"त्या खोलीत? भारतच्या डोक्यावर?"

"ज्या दिवशी मला वाटेल की इथे माझं दळण माझंच राहील, त्या दिवशी येईन. तुम्ही सांगताय म्हणून नाही." आणि मग अगदी हळू म्हणाली, "आणि ते डोक्याला पीठ लावणं बंद करा. बघवत नाही मला."

मी त्या दिवशी जेवलो नाही. तिने झाकून ठेवलेली भाकरी सकाळी तशीच होती.

मी एजंटला फोन केला. रविवारी एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. बाईने स्वयंपाकघराची लांबी पावलांनी मोजली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही खिडकी काढून मोठी करता येईल." अलका त्यांच्यासाठी चहा करत होती. त्याच खिडकीत ती रोज कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायची. तिने चहाचे कप पुढे केले आणि म्हणाली, "सकाळी छान ऊन येतं इथं." त्या लोकांना घर आवडलं. पुढच्या शनिवारी बयाणा द्यायला येतो, म्हणाले.

मी गिरणीवर जात राहिलो. घरी बसवत नव्हतं म्हणून. रिकामी चालवत नव्हतो आता. नुसता स्टुलावर बसायचो आणि बोळात येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं बघायचो. माणूस संपला म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. भूक लागायची नाही, कुणाचा राग यायचा नाही. कालव्याच्या रस्त्याने घरी जाताना पाण्याकडे बघत उभा राहायचो, आणि आपण इतका वेळ का उभे आहोत हे ध्यानात आलं की स्वतःचीच भीती वाटून भराभर चालू लागायचो.

मंगळवारी दुपारी एक तरुण दारात आला. हातात छोटी प्लास्टिकची पिशवी.

"भाऊ, इतकुसं दळून देता का? नाचणी हाय. पोरीसाठी. सहा महिन्यांची झाली, आजपासून खिमट सुरू करा म्हटलं डॉक्टरनं."

बोलण्यावरून विदर्भातला वाटला. नवीनच राहायला आला असावा, नाहीतर माझ्याकडे आला नसता. त्याच्या गळ्यात निळी पट्टी होती, ओळखपत्राची. ती पट्टी मी चोवीस वर्षं गळ्यात घातली होती. कुठल्या मजल्यावर बसतोस, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

"आई नाही बघायला?"

"तिकडं आहे गावाला. व्हिडिओवर सांगते, हे कर, ते कर. ते पीठ स्वच्छ पाहिजे म्हणते, गव्हाबिव्हाचं मिसळलं नाही पाहिजे. होऊन जाईल ना?"

पिशवीत दोन मुठी नाचणी होती. धुऊन, वाळवून, भाजून आणलेली. थोडी करपली होती. पहिल्यांदाच भाजली असणार बिचाऱ्यांनी. गिरणीत सकाळच्या कुणाच्या तरी गव्हाचं पीठ दगडाला लागलेलं होतं. तशीच घातली असती तर निम्मं पीठ गव्हाचंच बाहेर आलं असतं. त्याला काय कळणार होतं? पोरीला तर नाहीच कळणार.

"वेळ लागेल," मी म्हणालो. "बसा."

मी पट्टा उतरवला, बोल्ट सैल केले, वरचा दगड उचलून आडवा केला. ब्रशने दोन्ही दगडांच्या खाचा घासल्या, मग कपड्याने, मग पुन्हा ब्रशने. कापडी नळी काढून बोळात जाऊन झटकली. तो सारखा घड्याळात बघत होता.

"भाऊ, इतकं नका करू हो. माझी मीटिंग आहे."

"दुसऱ्याचं पीठ लागलंय आत. तुमच्या पोरीच्या पोटात जायचंय ते."

त्याने घड्याळाचा हात खिशात घातला. मी दगड पुन्हा बसवला, त्याच्याच नाचणीतली चिमूटभर आधी दळून टाकून दिली, आणि मग उरलेली घातली. नळीखाली हात धरला. का धरला, सांगता येत नाही. लालसर, कोमट, बारीक पीठ तळहातावर येत होतं. त्यात पांढरा कण दिसतोय का, ते मी बघत राहिलो. एवढ्या मेहनतीला मी त्याच्याकडून काय मागणार? त्याने दिले ते सुटे पैसे घेतले आणि तो पळाला.

हात पुसायला वळलो तर दारात अलका उभी होती. माझा जेवणाचा डबा घेऊन. ती कधीपासून उभी होती मला माहीत नाही. तिने डबा स्टुलावर ठेवला.

"गार झालं असेल," म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी सकाळी, शाळा-ऑफिसांची गडबड ओसरून बायका भाजीला बाहेर पडतात त्या वेळी, ती आली. कमरेवर ज्वारीचा डबा. मी उठून उभा राहिलो. तिने डबा टेबलावर ठेवला आणि परक्या बाईसारखी म्हणाली,

"वेगळं दळा."

"हो."

"आधीचं काही आहे का आत?"

"नाही. सकाळी घासून ठेवलंय. तरी पहिली मूठ टाकून देतो."

"टाकू नका. वेगळी काढा, चिमण्यांना घालीन."

मी डबा वर ओतला. ती खाली नळीपाशी आली. मी गिरणी सुरू केली आणि तिने पिठात हात धरला. माझं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे. मुलाखती दिल्या होत्या मी कितीतरी, त्या पोरांपुढे हसलो होतो, वाकलो होतो. पण एकाही निकालाची अशी वाट पाहिली नव्हती. ती चिमूट उचलत होती, बोटांत चोळत होती. एकदा तिने जिभेला लावून पाहिलं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी सोनवणे वहिनी थांबल्या होत्या, त्या इकडे बघत होत्या. अलकाने एकदाही वळून पाहिलं नाही. शेवटचं पीठ पडलं. तिने नळी दोनदा झटकली, आत काही राहिलं नाही ना ते बघितलं आणि झाकण लावलं.

मग तिने पाकीट उघडलं.

"अगं, तुझ्याकडून पैसे कसले घेऊ?"

"का? कालव्याकडचा घेत होता."

"अलका..."

"घ्या. सकाळपासून भवानी झाली नसेल तुमची."

माझा पगार चोवीस वर्षं परस्पर बँकेत जमा व्हायचा. तिथून हप्ता जायचा, वीजबिल जायचं, घरखर्च जायचा. कुणी माझ्या कामाकडे उभं राहून बघितलंय, ते त्याला पटलंय आणि मग माझ्या हातावर पैसे ठेवलेत, असं कधी झालंच नव्हतं. मी ते पैसे घेतले, कपाळाला लावले, आणि मला रडू आवरेना. गिरणी अजून चालूच होती, रिकामी; दगड घासायला लागले तसं तिनेच हात लांब करून बटण बंद केलं.

"उद्या ते लोक बयाणा घेऊन येणारेत," मी म्हणालो.

"त्यांना फोन करा."

"काय सांगू?"

"अजून पाडवा झालेला नाही म्हणावं."

तिने डबा उचलला. मी पुढे झालो. "जड आहे, राहू दे. मी आणतो दुपारी."

"नको. मीच नेते."

गिरणीतून आमच्या घरी जायला मागचा बोळ जवळचा. चार पावलांवर आमचा जिना. ती त्या बोळाने गेली नाही. डबा कमरेवर घेऊन ती उजवीकडे वळली, भाजीच्या गाडीवरून, सोनवणे वहिनींच्या अगदी समोरून. वहिनींनी काहीतरी विचारलं. अलकाने थांबून झाकण उघडलं आणि डबा त्यांच्यापुढे धरला. वहिनींनी चिमूट घेतली. मग ती पुढे निघाली, सोसायटीच्या मोठ्या फाटकातून, निमकर काकूंच्या खिडकीखालून, पूर्ण वळसा घालून, एरवी कधी चालत नाही इतकी हळू.